‘लिहून पाठवा’ म्हणणाऱ्या तांबेबाई

आमच्या ऑफिसातल्या फोनचा लाल दिवा लुकलुकायला लागला की तांबेबाई एकदम कामात बुडून जायच्या. आत्ता या क्षणापर्यंत पेरूच्या फोडीला तिखटमीठ लावत निवांत बसलेली बाई, दिवा दिसला रे दिसला की स्क्रीनमध्ये डोकं घालायची. कुणी म्हणालं, "बाई, तुमच्यासाठी आहे," तर वर न बघता हात हलवायच्या. "त्याला म्हणावं, लिहून पाठव. तोंडी काही चालणार नाही." फोन करणारा हॉस्पिटलचा मालक असो नाहीतर आणखी कुणी, उत्तर तेच. मी नवीन असताना मला भयंकर राग यायचा. वाटायचं, काय बाई आहे, दोन मिनिटं फोनवर बोलली तर काय झिजणार आहे हिचं?

आमचं ऑफिस मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या बाजूला. खाली मिठाईचं दुकान, वर आम्ही. दिवसभर जिन्यात तुपाचा वास. काम असं, की कोकणातल्या, मराठवाड्यातल्या छोट्या हॉस्पिटलांत स्कॅनचं मशीन असतं, पण स्कॅन वाचणारा डॉक्टर नसतो. ती हॉस्पिटलं फोटो आमच्याकडे पाठवतात, आमच्याकडचे डॉक्टर ते वाचतात, आणि मी रिपोर्ट टाइप करून परत पाठवते. डॉक्टर शहा हे आमचे मालकही आणि फोटो वाचणारेही. मन्सूर फोन उचलायचा आणि पडेल ती धावपळ करायचा. त्या लांबलांबच्या हॉस्पिटलांतून फोटो आमच्यापर्यंत धडपणे पोचवायचं काम मात्र तांबेबाईंचं. कोपऱ्यातल्या थंड खोलीतला सर्व्हर त्यांचा. भिंतीकडे पाठ करून, दरवाजाकडे तोंड करून त्या बसायच्या, आणि ती जागा बदलायला कधीच तयार व्हायच्या नाहीत.

मूळच्या लांज्याकडच्या. राहायला भाईंदर पूर्वेला. अंगाने किरकोळ, केस घट्ट बांधलेले, साडीवर कायम स्वेटर, कारण सर्व्हरच्या खोलीतला एसी. आधी एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बरीच वर्षं ऑपरेटर होत्या. तो बोर्ड बंद झाला तेव्हा हातावर हात धरून बसल्या नाहीत, कॉम्प्युटरचं शिकल्या. सर्व्हर प्रत्येक गोष्टीला आकड्यात उत्तर देतो, ते आकडे त्यांच्या तोंडात बसले होते. डबा खाऊन झाला की झाकण लावत म्हणायच्या, "दोनशे सव्वीस." म्हणजे माल पूर्ण पोचला. कुणी न विचारता सर्व्हरच्या खोलीत घुसलं तर, "पाचशे तीस!" म्हणजे तुझी ओळख पटलेली नाही, बाहेर हो. मन्सूर मुद्दाम घुसायचा, तो आकडा ऐकायला.

सर्व्हरशी त्या बोलायच्या, हे मी कौतुकाने नाही सांगत, खरंच बोलायच्या. काळ्या स्क्रीनवर ओळ उमटली की, "हं, बोल. मग? बरं." मी एकदा विचारलं, "बाई, माणसांशी एवढं बोलत नाही तुम्ही." तर म्हणाल्या, "माणसं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात गं. हा शहाणा आहे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने थांबायचं. मग दुसऱ्याने बोलायचं. आणि जे बोलला ते समोर लिहिलेलं असतं."

त्यांचं काम मला त्यांनीच शिकवलं, कारण त्या सुट्टीवर असल्या की कुणीतरी लागायचं. मला वाटायचं, फाइल पाठवायची म्हणजे काय, इकडून सोडली, तिकडे गेली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं, बोलायची लाईन वेगळी आणि मालाची लाईन वेगळी. दोन असतात. आधी हॉस्पिटलचा कॉम्प्युटर आपल्याला हाक मारतो. नाव सांगतो, पासवर्ड सांगतो, काय पाठवायचंय ते सांगतो. ती झाली बोलायची लाईन. पण फोटो त्या लाईनवरून येत नाहीत. त्याला दुसरी लाईन उघडायला लागते, आणि सगळी भानगड तिथे होते."

"कसली भानगड?"

"कुणी कुणाकडे जायचं, याची. तुझ्या सोसायटीला वॉचमन आहे ना?"

"आहे की. झोपलेला असतो."

"जागा आहे असं समज. तू वाण्याला फोन केलास, सामान पाठव, मी सी विंगला राहते. वाण्याचा माणूस गेटवर आला. वॉचमन म्हणतो, कोण तू, मला कुणी सांगितलेलं नाही, चल फूट. तू वर वाट बघतेयस, तो खाली उभा. फोन लागला होता की नाही? लागला होता. बोलणं झालं होतं? झालं होतं. पण सामान नाही."

"मग करायचं काय?"

"वाण्याला म्हणायचं, तू येऊ नकोस, कुठल्या खिडकीवर सामान ठेवतोस ते सांग, मीच येऊन काम उरकते. आतून बाहेर जाणाऱ्याला कुठला वॉचमन अडवतो? फायरवॉल म्हणजे दुसरं काय, गेटवरचा वॉचमनच. बाहेरच्याला अडवतो, घरच्याला सोडतो. इथे वाणी म्हणजे आपण. म्हणून शक्यतो हॉस्पिटलनेच दोन्ही वेळेला आपल्याकडे यायचं. आपल्या बाजूच्या ठरलेल्या खिडक्या मी उघड्या ठेवल्यात. या पद्धतीला पॅसिव्ह म्हणतात, आणि पहिल्या पद्धतीला ॲक्टिव्ह. कळलं?"

कळलं होतं. वर्गात बसून मला हे कुणी सांगितलं असतं तर मी हमखास झोपले असते.

एकदा आम्हालाच एका हॉस्पिटलच्या सर्व्हरवरून फोटो उचलायचे होते. त्यांनी नवीन माणूस नेमला होता, त्याने सगळं मांडलं आणि मोठ्या थाटात कळवलं, या, घेऊन जा. आमचा कॉम्प्युटर त्यांच्याशी बोलतोय, नाव-गाव सगळं बरोबर, पुढे मात्र सरकतच नाही. मन्सूर म्हणाला, "मॅडम, उनका इंटरनेट डब्बा है." बाईंनी स्क्रीनवरची एक ओळ वाचली आणि अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"अगं, खिडकी कुठली म्हणून विचारलं, तर हा त्याच्या घरातला पत्ता सांगतोय! बी विंग, तीनशे दोन. अरे बाबा, कुठल्या सोसायटीची बी विंग? मीरा रोडला ज्या बिल्डिंगमध्ये जाशील तिथे बी विंग आहे. आपला कॉम्प्युटर बिचारा आपल्याच बी विंगला जाऊन तीनशे दोनचं दार वाजवतोय. तिथे आहे कोण? आपला प्रिंटर!"

मग त्यांनी त्या माणसाला सविस्तर लिहिलं, की बाहेरच्याला सांगताना बाहेरचा पत्ता सांगायचा असतो, तो कुठे भरायचा तेही लिहिलं, आणि शेवटी ‘चुकतं सगळ्यांचंच’ असंही लिहिलं. फोन करून झापता आलं असतं. पण फोन त्या करायच्याच नाहीत.

का करायच्या नाहीत ते मला एका दुपारी कळलं. मी त्यांच्या मागच्या भिंतीतल्या कपाटातून कागद काढत होते आणि माझ्या हातून स्टीलचा डबा फरशीवर पडला. असा दणका, की आतल्या केबिनमधून डॉक्टर शहा "अरे शूं थयुं?" म्हणत बाहेर आले. मन्सूर उठून उभा राहिला. तांबेबाई माझ्यापासून हातभर अंतरावर. मानसुद्धा हलली नाही. मग मन्सूरचा चेहरा बघून त्यांनी मागे वळून पाहिलं, डबा पाहिला, मला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "कळलं ना तुला?"

मी मान हलवली.

"बोर्डावरच्या शेवटच्या वर्षांत कान जायला लागले. आता थोडंफार येतं ऐकू. पण फोनवरचं नाही, मागून बोललेलं नाही. तोंड दिसलं की कळतं. कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "बाई, त्यात लपवायचं काय? मशीन मिळतं कानाचं."

"आहे माझ्याकडे. घरी लावते. इथे नाही लावणार." मग म्हणाल्या, "माझ्या आईला ऐकू येत नव्हतं. चांगली बोलकी बाई होती गं, अख्ख्या वाडीला हसवायची. कळल्यावर पहिले लोक ओरडून बोलायला लागले. मग ओरडायचा कंटाळा आला, तर बोलायचेच बंद झाले. तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायचे. जेवायला वाढायचे, औषध द्यायचे, सगळं करायचे हो, नावं ठेवायला जागा नाही. पण तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी बघेन. पण मला तसं बसायचं नाही."

मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, रडताना तुझं तोंड वाकडं होतं, मला काही कळत नाही."

त्या दिवसानंतर मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले आणि त्या काय कसरत करतात ते पाहून थक्क झाले. दरवाजाकडे तोंड करून बसायचं ते येणाऱ्याचं तोंड दिसावं म्हणून. जेवताना मन्सूर किस्से सांगायचा. नया नगरच्या त्याच्या मामूंचे किस्से, ते ऐकून डॉक्टर शहासुद्धा ठसका लागेपर्यंत हसायचे. बाईंची नजर मन्सूरच्या ओठांवर असायची. तो घास चावत बोलला की त्यांचा धागा तुटायचा, मग त्या बाकीच्यांचे चेहरे बघून हसायच्या. मास्कच्या दिवसांत तर त्यांचे फार हाल झाले असणार. त्या दिवसांबद्दल एवढंच म्हणाल्या, "जग बंद झालं होतं ना, माझं जरा जास्त बंद झालं होतं."

आणि फोन द्यायची वेळ आलीच कधी, तर त्यांचं ठरलेलं होतं. रिसीव्हर कानाला लावायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय, लिहून पाठवा," म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. इतकं सराईत, की आमच्या लाईनवाल्याला डॉक्टर शहांनी दोनदा बोलावून झापलं होतं.

आता त्या सकाळचं सांगते. कोकणातल्या एका तालुक्याच्या हॉस्पिटलात एक बाई आणली होती, माडीवरून पडलेली. डोक्याला मार. मेंदूत रक्त साकळलंय का, हे कळल्याशिवाय तिला कोल्हापूरला हलवायचं की तिथेच ठेवायचं ते ठरत नव्हतं. घाट, खड्डे, उगाच हलवली तर वाटेत काय होईल सांगता येत नव्हतं. स्कॅन झाला होता. तिथला टेक्निशियन निलेश तो पाठवत होता आणि स्कॅन येत नव्हता.

तांबेबाईंनी स्क्रीन बघितली. "नाव बरोबर. पासवर्ड बरोबर. बोलायची लाईन चालू आहे. माल अडतोय."

"पण काल तर येत होतं," मी म्हटलं.

"कालपर्यंत त्यांचा वॉचमन बोलणं ऐकायचा. वाण्याचा माणूस येणार हे त्याला आधीच कळायचं, मग तो गेट उघडून द्यायचा. आज यांनी नवा वॉचमन ठेवलाय, आणि बोलणंही सांकेतिक करून टाकलंय, कुणी चोरून ऐकू नये म्हणून. ते चांगलंच आहे. पण मग वॉचमनलाही काही ऐकू येत नाही. त्याच्या भरवशावर राहून चालणार नाही आता. निलेशने तिकडे पॅसिव्ह करायला हवं. मी लिहिते त्याला."

लिहिलं. उत्तर नाही. नव्या फायरवॉलने त्यांचं चॅट आणि मेल, दोन्ही बंद करून टाकलं होतं. स्कॅनच्या खोलीच्या जाड भिंतीत मोबाइल लागत नाही. तिथे फक्त एक लँडलाईन. आणि तेवढ्यात आमच्या फोनचा दिवा लुकलुकला.

मन्सूरने उचलला. "निलेश आहे. मॅडम, तुम्हालाच मागतोय, म्हणतो लवकर."

डॉक्टर शहा केबिनच्या दारात उभे. "तांबेबेन, घ्या ना, पटकन."

बाईंनी रिसीव्हर घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. "निलेश, ऐक," त्या म्हणाल्या, "सेटिंगमध्ये जा, कनेक्शन असं लिहिलं असेल, तिथे पॅसिव्हवर टिक कर." आणि थांबल्या. तिकडून निलेश काहीतरी बोलत होता. मला रिसीव्हरमधून त्याची किरकिर ऐकू येत होती. बाईंना ती येत नव्हती. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मला वाटलं, आता म्हणणार, आवाज तुटतोय. ओठ हललेसुद्धा.

मग त्यांनी रिसीव्हर कानापासून काढला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही."

डॉक्टर शहा म्हणाले, "लाईन खराब छे?"

"लाईन चांगली आहे, डॉक्टर. मी बहिरी आहे. फोनवर मला काही म्हणजे काही कळत नाही, इथे आले तेव्हापासून कधीच कळत नव्हतं. मन्सूर, इकडे ये. माझ्यासमोर बस. तो काय सांगतोय ते माझ्याकडे बघून सांग. ओरडू नकोस. सावकाश बोल आणि हात तोंडावरून काढ."

मन्सूर खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसला. फोन कानाला, डोळे बाईंच्या डोळ्यांत. "तो म्हणतोय, असं काही लिहिलेलंच नाही तिथे."

"काय काय लिहिलंय, वरपासून वाचायला सांग."

तो वाचत होता, मन्सूर सांगत होता, बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. "हा, ते नाही. ते पण नाही. पुढे." तिसऱ्या कुठल्यातरी पानावर ती टिक सापडली. टिक केली. बाईंनी मान स्क्रीनकडे वळवली. एक ओळ आली. मग दुसरी. मग फोटो यायला लागले, डोक्याच्या चकत्या एकामागून एक, आणि डॉक्टर शहा धावतच आपल्या खुर्चीकडे गेले. रक्त साकळलं होतं. त्या बाईला लगेच हलवलं. ती वाचली, असं पुढे निलेशकडून कळलं.

तांबेबाई त्या दिवशी आकडा बोलल्या नाहीत. उठून तोंड धुऊन आल्या आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणी सांगायच्या आत आपला ड्रॉवर रिकामा केला. डॉक्टर शहा आले, पिशवी बघितली आणि भडकलेच. "तांबेबेन, हे शूं नाटक? कुठे चालल्या? फोन मन्सूर उचलेल, ते तो आधीपण करतच होता. तुम्ही सर्व्हर बघा." पुढे म्हणाले, "त्या लाईनवाल्याला मी फुकट झापलं," आणि केबिनमध्ये निघून गेले. म्हणजे नोकरीचा प्रश्न मिटला.

पण बाईंना भीती नोकरीची नव्हतीच, आणि ज्याची होती ते झालं. डॉक्टर शहा त्यांच्याशी भोंग्यातून बोलल्यासारखे बोलायला लागले. खालचा मिठाईवाला मला विचारायचा, "मॅडमको क्या चाहिए?" आणि बाई तिथेच उभ्या. सगळ्यात वाईट म्हणजे मन्सूर. त्याने जेवताना किस्से सांगणंच बंद केलं. डबा उघडायचा, मान खाली घालून खायचा, उठायचा. टेबलावर नुसते चमच्यांचे आवाज. तांबेबाई मला एवढंच म्हणाल्या, "बघितलंस?" संतापाने माझं डोकं फिरलं होतं, पण रागावणार कुणावर? सगळे चांगलेच वागत होते.

शेवटी फुटल्या त्याच. एका दुपारी मन्सूर उठायला लागला तशी त्याच्या डब्यावर हात ठेवला. "बस खाली. काय झालंय तुला?"

"कुछ नहीं मॅडम."

"त्या दिवशी माझ्याकडे बघून बोललास, मला अख्खं कळलं. एक शब्द सुटला नाही. आता तोंडाला कुलूप का लावलंस?"

मन्सूर कान खाजवत म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला त्रास होतो. इतनी मेहनत करनी पडती है समझने के लिए. मला माहीतच नव्हतं आधी. वाईट वाटलं."

"त्रास तू गप्प बसल्याचा होतो, गाढवा," बाई म्हणाल्या. "मेहनत मी करते ना? मला करू दे. तू बोल."

त्या वेळी त्याला एकही किस्सा सुचला नाही, पण तो परत खाली बसला. डबा पुन्हा उघडून बाईंच्या पुढे सरकवला.

पुढे मी ती नोकरी सोडली, वसईला दुसरी धरली. बाई काही काळाने नवऱ्याबरोबर लांज्याला राहायला गेल्या, आणि आता सणावारी मेसेज येतात, शुद्ध आणि लांबलचक. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, एका संध्याकाळी. मी मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षात चौथ्या माणसाची वाट बघत बसले होते. समोरून गर्दीतून मन्सूर येत होता, पण पाठमोरा. उलट्या पावलांनी चालत होता, दोन्ही हात हवेत नाचवत काहीतरी सांगत होता, आणि त्याच्यासमोर, त्याच्या तोंडावर नजर रोखून, तांबेबाई. त्याच्या खांद्याच्या बॅगेचा पट्टा त्यांनी मुठीत धरला होता. हातगाडी आली की पट्टा डावीकडे ओढायच्या, रिक्षा आली की उजवीकडे, आणि तो न वळता, न थांबता, मामूंचं पुढचं सांगतच होता. लोक शिव्या घालत बाजूला होत होते. मी हाक मारणार होते. पण किस्सा रंगात आला होता, बाई हसत होत्या, म्हणून मी गप्प बसले.